रोजची भाकर, आजच्यापुरती: ख्रिस्ती श्रद्धेच्या वाटेवर पहिले नव्वद दिवस

नुकताच बाप्तिस्मा झाला असेल, लग्नाच्या निमित्तानं चर्चशी नातं जुळलं असेल, किंवा ख्रिस्ती घरातच वाढलात पण बायबल आजीच्या कपाटातून कधी बाहेर आलंच नसेल. कसेही इथवर आला असलात तरी पहिला प्रश्न बहुधा एकच असतो: देवावर विश्वास ठेवायचा म्हणजे रोज उठून नेमकं करायचं काय? रविवारी उपदेशात ‘प्रभूवर भरवसा ठेवा’ हे ऐकलेलं असतं. सोमवारी सकाळी डबा, गाडीची वेळ, कर्जाचा हप्ता आणि मुलांची फी यांच्यात ते कुठे बसवायचं, हे कळत नाही.

येशूनं शिष्यांना शिकवलेल्या प्रार्थनेत ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे’ असं मागणं आहे. वर्षाचं धान्य एकदम भरून दे, असं मागायला त्यानं शिकवलं नाही. बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या १६व्या अध्यायात रानात भटकणाऱ्या इस्राएल लोकांना मान्ना, म्हणजे देवानं दिलेलं अन्न, मिळतो, तोही याच मापानं: माणशी एक ओमर, म्हणजे साधारण दोन लिटरचं भांडं भरून, आणि तेवढ्या दिवसापुरता. ज्यांनी उद्यासाठी लपवून ठेवला त्यांच्या मान्न्यात सकाळी किडे पडले आणि घाण सुटली. फक्त सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करायची मुभा होती, कारण सातवा दिवस विसाव्याचा. भरवसाही असाच रोजच्या मापानं मिळतो आणि रोजच्या मापानं वाढतो. पुढचं सगळं वेळापत्रक त्याच मापावर बेतलं आहे.

आधी सामान

एक छापील बायबल, एक दोनशे पानी वही, एक पेन. एवढं पुरे. बायबल सोसायटीचं ‘पवित्र शास्त्र’ बहुतेक मंडळ्यांमध्ये, म्हणजे स्थानिक चर्चमध्ये, वाचलं जातं, त्यामुळे रविवारी ऐकलेलं वचन घरी त्याच शब्दांत सापडतं. भाषा थोडी जुन्या वळणाची आहे. ती अडली तर सोप्या मराठीतलं भाषांतर शेजारी ठेवा, पण रोज भाषांतर बदलत बसू नका; एकच मजकूर पुन्हा पुन्हा वाचला की तो आपोआप पाठ होतो. कॅथलिक बायबलमध्ये ७३ पुस्तकं असतात आणि प्रॉटेस्टंट बायबलमध्ये ६६. हा फरक जुन्या करारातला आहे. नव्या करारात दोन्हीकडे तीच २७ पुस्तकं आहेत, म्हणून सुरुवातीला हातात कोणतं आलं यानं काही अडत नाही.

सोप्या मराठीसाठी जिवाचं रान करणारी माणसं इथे होऊन गेली आहेत. पंडिता रमाबाईंनी केडगावला मुक्ती मिशनचा सगळा व्याप सांभाळत हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणलं, साध्या बायकांना वाचता यावं म्हणून. १९२२ साली त्या गेल्या; भाषांतर छापून आलं १९२४ साली. बायबल कळत नाही म्हणून मिटून ठेवावंसं वाटलं, की हे कष्ट आठवावेत.

मोबाइलवरचं बायबल गाडीत किंवा भाकऱ्या थापताना ऐकायला उत्तम. सकाळच्या वाचनाला मात्र तो दुसऱ्या खोलीत ठेवा. वचन शोधायला हातात घेतला की आधी रात्रीचे निरोप दिसतात, आणि मन तिथेच अडकतं.

पंधरा मिनिटं, एका ठरलेल्या जागी

मार्क १:३५मध्ये (मार्काच्या पुस्तकाचा पहिला अध्याय, पस्तिसावं वचन) येशू पहाटे अंधारातच उठून एकांतात प्रार्थनेला गेला असं लिहिलं आहे. दानीएल दिवसातून तीनदा गुडघे टेकत असे. जुन्या करारातल्या नहेम्यानं राजाच्या प्रश्नाला उत्तर देण्याआधी मधल्या एका श्वासात प्रार्थना केली. तेव्हा वेळ कोणती याला नियम नाही. ती ठरलेली हवी. रात्रपाळी असेल तर कामावरून आल्यावर, घरात गर्दी असेल तर जिन्यात किंवा गच्चीवर.

पहिली दोन मिनिटं नुसतं बसा. मग सात मिनिटं वाचन, जमलं तर ओठ हलवून, कारण डोळे ओळी गाळतात आणि जीभ गाळत नाही. पाच मिनिटं प्रार्थना. शेवटचं एक मिनिट वहीत तारीख, अध्याय-वचन आणि एकच वाक्य. ते वाक्य उपदेशाच्या थाटातलं नसावं. ‘आज वहिनींशी सरळ बोलायचं’ हे वाक्य ‘प्रीती श्रेष्ठ आहे’ यापेक्षा शंभरपट उपयोगाचं.

पहिल्या आठवड्यात उत्साहानं तास-तास बसू नका. बहुतेकांची गाडी इथेच घसरते: चार दिवस पहाटे चारला उठणं, पाचव्या दिवशी झोप, सहाव्या दिवशी अपराधी वाटणं आणि सातव्या दिवशी वहीच बंद. दिवस चुकला तर चुकलेलं भरून काढायला बसू नका, आजचं वाचा. मान्ना कालचा चालत नाही, तशी कालची थकबाकीही नसते.

काय वाचायचं, किती वाचायचं

पहिल्या पानापासून सुरुवात करू नका. उत्पत्ती रंगून वाचली जाते, निर्गमाचा पूर्वार्धही; पुढे निवासमंडपाची मापं आणि लेवीय पुस्तकातले यज्ञांचे नियम सुरू झाले की नवखा वाचक थकतो आणि बायबल आपल्या आवाक्याबाहेरचं आहे असं समजतो. ते भाग मोलाचे आहेत, पण येशूची ओळख झाल्यावर.

पहिले ३४ दिवस मार्काचं शुभवर्तमान, म्हणजे येशूच्या जीवनाची मार्कानं सांगितलेली कथा. सोळाच अध्याय आहेत. रोज सुमारे वीस वचनं घेतली की ते एवढ्या दिवसांत संपतं. मग १४ दिवस मत्तय ५ ते ७, म्हणजे डोंगरावरील प्रवचन, रोज फक्त आठ वचनं. हे मुद्दाम सावकाश ठेवलं आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांना आगगाडीच्या प्रवासात एका परक्या माणसानं नवा करार दिला, आणि वाचता वाचता ते या प्रवचनापाशी आले तेव्हा त्यांच्यानं ते खाली ठेववेना. तरी त्यांचा बाप्तिस्मा व्हायला १८९५चा फेब्रुवारी उजाडला. मधली दोनेक वर्षं वाचन, वाद, पत्रव्यवहार आणि आतली झुंज यांत गेली. शेवटचे ४२ दिवस योहानाचं शुभवर्तमान, रोज अर्धा अध्याय. झाले नव्वद. याशिवाय रात्री झोपण्यापूर्वी एक स्तोत्र. लांब असेल तर तोडून वाचा. ११९वं स्तोत्र १७६ वचनांचं आहे, पण त्याचे आठ-आठ वचनांचे २२ खंड आधीच पाडलेले आहेत.

वाचताना तीन प्रश्न: समोरच्या माणसाला नेमकं काय हवं आहे? येशू आधी काय करतो आणि मग काय बोलतो? यातलं आज माझ्या वाट्याला काय आलं?

एक उतारा करून पाहू. मार्क ४:३५–४१. संध्याकाळ आहे, होडी सरोवरात आहे, वादळ सुटलं आहे, लाटा आत येऊन होडी भरू लागली आहे. येशू वरामावर, म्हणजे होडीच्या मागच्या भागात, उशी घेऊन झोपला आहे. शिष्य त्याला उठवतात, आणि त्यांच्या बोलण्यात भक्तिभाव औषधालाही नाही: आपण बुडतोय, तुम्हाला काही काळजी आहे की नाही? आता क्रम बघा. मार्काच्या सांगण्यात येशू आधी वारा आणि समुद्र शांत करतो, मगच त्यांना विचारतो, अजून तुमचा विश्वास नाही का? विश्वास पुरेसा नव्हता तरी हाक ऐकली गेली. ज्याला वाटतं की ‘माझा विश्वास कच्चा आहे, माझं कोण ऐकणार’, त्यानं हा क्रम वहीत लिहून ठेवावा. मार्क ९:२४मधल्या आजारी मुलाच्या बापाचं वाक्यही त्याखाली लिहावं: ‘माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका.’ हे वाक्य स्वतःच पुरी प्रार्थना आहे.

एक सवय पहिल्यापासून टाळा. डोळे मिटून बायबल उघडायचं, बोट ठेवायचं आणि जे वचन येईल तो कौल समजायचा. फ्लॅट घ्यावा की नाही, मुलीचं स्थळ बरं की नाही, अशा प्रश्नांना असा कौल लावला की वचन मागच्या-पुढच्या ओळींपासून तुटतं, आणि आपल्याला आधीच जे हवं होतं तेच त्यात दिसू लागतं. निर्णय मोठा असेल तर प्रार्थना करा, हिशोब मांडा, दोन जाणत्या माणसांना विचारा, आणि निदान आठवडाभर थांबा.

प्रार्थना: घरी बोलता तशीच

नवखी माणसं प्रार्थनेला डोळे मिटले की एकदम ग्रंथातली मराठी बोलू लागतात. पाळकांच्या तोंडी ती शोभते. तुमच्या तोंडी तुमची बोली शोभते, मग ती वऱ्हाडी असो, मालवणी असो की वसईची सामवेदी. मराठीत देवाला ‘तू’ म्हणतात, आईला म्हणतात तसं. त्या एका शब्दातच जवळीक आहे, ती वापरा.

शब्द सुचत नसतील तर प्रभूची प्रार्थना (मत्तय ६:९–१३) सात दिवसांत वाटून घ्या. रविवारी ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ एवढ्यावरच थांबा. सोमवारी ‘तुझे नाव पवित्र मानले जावो’, मंगळवारी ‘तुझे राज्य येवो’, बुधवारी त्याच्या इच्छेचं वाक्य, गुरुवारी भाकरीचं, शुक्रवारी क्षमेचं, शनिवारी मोहाचं. एकेक ओळ आपल्या घरावर, गल्लीवर, कचेरीवर लावून बोला. शुक्रवारच्या ओळीपाशी ज्याचं नाव आठवून घशात अडकतं, त्याचंच नाव घ्या. मत्तय ५:२३–२४ तर सांगतं की वेदीशी अर्पण ठेवून आधी भावाशी समेट करून ये. फोन करायचा असेल तर प्रार्थना संपल्यावर लगेच करा, संध्याकाळपर्यंत धीर ओसरतो.

मागण्या नेमक्या असू द्या. ‘सगळ्यांचं भलं कर’ या मागणीचं उत्तर आलं की नाही हे कधीच कळत नाही. ‘शेजारच्या काकांना डोळ्याच्या ऑपरेशनला धीर दे, आणि मला त्यांच्यासोबत जायला सुट्टी मिळू दे’ याचं कळतं.

आता नवसाबद्दल, कारण आपल्याकडे तो रक्तात आहे. ‘नोकरी लागू दे, मग दर रविवारी येईन’ असं बोललं गेलं की नात्याचा सौदा होतो. नोकरी लागली तर चार रविवार येऊन देणं फिटतं. नाही लागली तर देवानं शब्द मोडला असं वाटतं, जो त्यानं दिलेलाच नव्हता. वांद्र्याच्या माउंट मेरीला सप्टेंबरच्या जत्रेत लोक घराच्या, हाताच्या, पायाच्या आकाराच्या मेणाच्या वस्तू वाहतात. ते मागणं मरियामातेपुढे मोकळं करणं म्हणून वाहिलं तर त्यात भक्ती आहे. किंमत म्हणून वाहिलं तर ती हरवते. प्रेषित पौलानं फिलिप्पैकरांना पत्रात लिहिलं ते बारकाईनं वाचा: ‘सर्व गोष्टींविषयी प्रार्थना व विनंती करून आभारप्रदर्शनासह आपली मागणी देवाला कळवा’ (४:६). आभार मागणीच्या बरोबरच द्यायचे आहेत, उत्तर काय येईल हे कळण्याआधी.

चिंतेची चिठ्ठी

भरवसा हा मनाचा प्रकार वाटतो, पण त्याचा सराव हातानं करता येतो. आठवड्याला एकच चिंता घ्या. वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे ‘आज माझ्या हातात’, उजवीकडे ‘देवाच्या हातात’.

समजा आईची बायोप्सी झाली आहे आणि रिपोर्ट गुरुवारी मिळणार आहे. डावीकडे येईल: गुरुवारी अकराला लॅबला फोन, जुनी फाइल लावून ठेवणे, धाकट्या भावाला सोबत बोलावणे, पॉलिसीचा नंबर शोधणे, आईजवळ रात्री बसणे. उजवीकडे: रिपोर्टमध्ये काय असेल ते, डॉक्टरांची बुद्धी, आईच्या मनाची शांती, पुढचं वर्ष. डावीकडचं करत जा आणि खोडत जा. उजवीकडच्या प्रत्येक ओळीवर बोट ठेवून ती मोठ्यानं देवाला सांगा आणि १ पेत्र ५:७ वाचा: ‘त्याच्यावर तुम्ही आपली सर्व चिंता टाका कारण तो तुमची काळजी घेतो.’ रात्री दोनला जाग आली आणि उजवीकडची ओळ डोक्यात फिरू लागली, तर नवी प्रार्थना रचायची गरज नाही. ‘हे गुरुवारचं आहे, तुझ्याकडे दिलंय’ एवढं पुरतं. ‘ज्या दिवसाचे दुःख त्या दिवसाला पुरे’ हे मत्तय ६:३४मधलं वाक्य अशा रात्रींसाठीच आहे.

चुका दोन बाजूंनी होतात. काही जण उजवीकडचं ओढून डावीकडे आणतात आणि रात्रभर रिपोर्टचा अंदाज बांधत इंटरनेटवर बसतात. काही जण डावीकडचं उजवीकडे ढकलतात: देव बघेल म्हणून फोनच करत नाहीत, औषध घेत नाहीत. दुसरी चूक अधिक धोक्याची. प्रार्थना केली म्हणून रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या, फिटच्या, टीबीच्या किंवा मनाच्या आजाराच्या गोळ्या कधीही बंद करू नका, आणि कोणी तसं सांगत असेल तर त्याचं ऐकू नका. पौल ज्याला प्रिय म्हणतो तो लूक वैद्यच होता (कलस्सै ४:१४). उपवासाचंही तेच: इन्सुलिन घेणाऱ्यानं जेवण सोडू नये, टीव्ही सोडावा.

उत्तर येत नाही तेव्हा

कधी ना कधी हा काळ येतो. वचन कोरडं लागतं, प्रार्थना छताला आपटून परत येते असं वाटतं. आपलंच काही चुकलं असा अर्थ लगेच काढू नका. आधी साध्या गोष्टी तपासा: झोप किती झाली, जेवण वेळेवर आहे का. १ राजे १९मध्ये संदेष्टा एलीया झुडपाखाली बसून मरण मागतो, तेव्हा देवदूत उपदेश करत नाही. त्याला झोपू देतो, भाजलेली भाकर आणि पाणी देतो, पुन्हा झोपू देतो, पुन्हा खाऊ घालतो. दोन-तीन आठवडे मन उठतच नसेल, जीव नकोसा वाटत असेल, तर पाळकांना सांगा आणि डॉक्टरांकडेही जा. त्यात विश्वासाची हार नाही.

मग १३वं स्तोत्र काढा. सहाच वचनं आहेत. पहिली दोन तक्रारीची, आणि ती चार वेळा ‘कुठवर?’ असं विचारतात. पुढची दोन मागणीची. शेवटची दोन भरवशाची. याच साच्यात आपल्या सहा ओळी लिहा, तक्रार सौम्य न करता. शेवटच्या दोन ओळी सुचल्या नाहीत तर रिकाम्या ठेवा. ८८वं स्तोत्र अंधारातच संपतं, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. गेथशेमाने बागेत येशूनं दुःखाचा प्याला टळावा अशी एकच मागणी तीनदा केली आणि तो टळला नाही. पौलानंही शरीरातल्या काट्यासाठी तीनदा विनवलं. मिळालं ते ‘माझी कृपा तुला पुरे आहे’ हे उत्तर. अब्राहाम देवाच्या शब्दावर निघाला तेव्हा ७५ वर्षांचा होता आणि इसहाक झाला तेव्हा १००. पंचवीस वर्षं.

मंडळी निवडताना

एकट्यानं हे फार दिवस चालत नाही. जवळच्या मंडळीत सलग सहा रविवार जा; पहिल्या रविवारी गाणी आवडली नाहीत म्हणून दुसरीकडे, असं फिरू नका. उपासनेनंतर पाळकांना किंवा फादरना भेटून सांगा की मी नवीन आहे. बाप्तिस्म्याचा वर्ग कधी असतो, प्रभुभोजनात कोणाला भाग घेता येतो, हे विचारा, कारण प्रत्येक मंडळीची रीत वेगळी आहे. कॅथलिक चर्चमध्ये प्रौढांची तयारी बरेच महिने चालते आणि बाप्तिस्मा बहुधा ईस्टरच्या जागरणात होतो. आठवड्यातून एकदा कोणाच्या तरी घरी प्रार्थनासभा असते, तिथे नक्की जा. रविवारी माणसं दिसतात, घरच्या सभेत ती कळतात.

अर्पणाचे पैसे दोघे मिळून मोजतात का, वर्षाचा हिशोब मंडळीपुढे वाचला जातो का, हे बघा. प्रार्थनेचे पैसे मागणारा, ‘इतके दे म्हणजे इतके मिळतील’ सांगणारा, घरच्यांशी बोलणं तोडायला लावणारा माणूस कितीही गोड बोलला तरी तिथून उठा. द्यायचं ते संतोषानं द्या, पगाराच्या दिवशी बाजूला काढून, कर्ज न काढता.

घरचे ख्रिस्ती नसतील तर जास्त जपून चाला. त्यांच्या देवांविषयी वाईट बोलू नका, देव्हाऱ्याला हात लावू नका. प्रसादाचा प्रश्न पहिल्याच सणाला उभा राहतो; मूर्तींना वाहिलेल्या अन्नाविषयीचे १ करिंथकरांस ८ आणि १० हे अध्याय पाळकांबरोबर बसून वाचा, आणि घरी काय करायचं ते सणाच्या आधी शांतपणे आईशी बोलून ठरवा, पंगतीत नको. टिळकांच्या निर्णयापर्यंत यायला त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनाही आणखी काही वर्षं लागली होती. घरच्यांना तुमचा विश्वास आधी वागण्यात दिसेल: भांडी कोण घासतं, आवाज किती चढतो, आजारपणात उशाशी कोण बसतं.

नव्वदाव्या दिवशी

त्या सकाळी वाचन लवकर आटपा आणि वही पहिल्या पानापासून चाळा. प्रत्येक मागणीपुढे तीनपैकी एक खूण करा: मिळालं, वेगळ्या रीतीनं मिळालं, अजून वाट. मिळालेल्यांसाठी नाव घेऊन आभार माना. ‘वेगळ्या रीतीनं’वाल्या ओळींपाशी जरा थांबा, तिथे बरंच काही नंतर कळतं. ‘अजून वाट’ अशा सगळ्या मागण्या नव्या वहीच्या पहिल्या पानावर तारखेसकट उतरवून घ्या. नव्या करारात एकूण २६० अध्याय आहेत. आठवड्याचे पाच दिवस रोज एक घेतला तर तो बरोबर एका वर्षात पुरा होतो, आणि शनिवार-रविवार मागचं पुन्हा वाचायला मोकळे राहतात. ज्या शुभवर्तमानांची ओळख झाली तीही पुन्हा वाचनात येतील. पुढच्या सोमवारी मत्तयाचा पहिला अध्याय. त्यातल्या नावांच्या लांब यादीला घाबरू नका. तीही मोठ्यानं वाचा.